थोरलीच्या वेळापत्रकाविषयी लेकीस पत्र

चि. लेकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रास कारण की, परवा फोनवर आपले बोलणे अर्ध्यावरच तुटले आणि "बाबा, तुम्हाला आमचा निर्णय मुळात पटलेलाच नाही," असे म्हणून तू फोन ठेवलास. त्याचे उत्तर सविस्तर लिहून द्यावे असे मी ठरवले. पाचही मुलांना घरीच शिकवायचे हे तुम्ही दोघांनी पूर्ण विचारान्ती ठरवले आहे आणि ते मला पटलेले आहे. चार इयत्ता एका खोलीत बसवून शिकवण्यात ज्याची सगळी नोकरी गेली, त्याला वेगवेगळ्या वयाची मुले एकत्र शिकू शकतात हे नव्याने सांगावे लागत नाही. तू स्वतः त्याच खोलीत, शाळेत नाव घालण्याच्या आधीपासून, मागच्या भिंतीला टेकून बसत असायचीस आणि मी चौथीच्या मुलांना नकाशा समजावत असताना तुझी पाटी बाजूला पडलेली असायची. नद्यांची नावे तुला कोणी मुद्दाम शिकवली नाहीत. ती तुझ्या कानावर पडली आणि राहिली. मोठ्यांचा पाठ लहानांच्या कानावर पडत राहणे हा अशा शिक्षणाचा फार मोठा लाभ आहे, आणि तुझ्या जुळ्यांना तो आयता मिळणार याचा मला मनापासून आनंद आहे.

माझी काळजी थोरलीची आहे.

तू पाठवलेले वेळापत्रक मी सावकाश वाचले. पाच रकाने, प्रत्येकाला वेगळा रंग, फार नीटनेटके काम आहे. परंतु थोरलीच्या हिरव्या रकान्यात सकाळी ९.३० ला 'जुळ्यांचे वाचन घेणे' आहे, ११ वाजता 'मधल्याचे पाढे आणि उजळणी' आहे, त्यानंतर नुसतेच 'बाळ' असे लिहिले आहे, आणि तिचे स्वतःचे बीजगणित दुपारी ३ वाजता येते, तेही कंसात 'वेळ उरल्यास' असे लिहून. कंसातले ते दोन शब्द मला सलतात. एवढे लिहून हा विषय मी संपवतो आणि तू विचारलेल्या बाकीच्या प्रश्नांकडे वळतो.

पाच मुलांचे मिळून किती विषय होतात हे मोजताना छाती दडपते, असे तू म्हणालीस. मोजायचे असेल तर आधी विषयांचे दोन ढीग कर. वाचन, लेखन, गणित आणि व्याकरण हे पहिल्या ढिगातले, पायरीपायरीने चढायचे विषय आहेत. जो ज्या पायरीवर असेल तिथूनच त्याला पुढे न्यावे लागते, आणि ११ वर्षांच्या मुलाचे अपूर्णांक व ६ वर्षांच्या मुलांची बेरीज एकत्र घेऊन चालत नाही. इतिहास, भूगोल, विज्ञान, गोष्टी, कविता, चित्रकला या दुसऱ्या ढिगाचे तसे नसते. समजा बाष्पीभवन शिकवायचे आहे. सरळ कडांच्या काचेच्या पेल्यात पाणी भरून तो खिडकीत ठेव आणि पाण्याच्या पातळीशी एक खूण कर. जुळ्यांनी रोज पेल्याचे चित्र काढावे आणि पाणी कुठे गेले ते तोंडी सांगावे. मधल्याने पट्टीने मिलिमीटर मोजून तक्त्यात लिहावेत. थोरलीने त्याच आकड्यांचा आलेख काढून ढगाळ दिवशी पातळी कमी का उतरली याचे कारण शोधावे आणि हवेतील आर्द्रतेविषयी वाचून ते पानभर लिहावे. तयारी एकदाच करावी लागते आणि तीन वयांचे तीन पाठ होतात. दुसरा ढीग असा उरकला की पहिल्या ढिगासाठी तुझ्याजवळ खरोखर वेळ उरतो.

क्रमाविषयी म्हणशील तर सकाळी सर्वांत आधी लहानांना घ्यावे. आपली पाळी होऊन गेली की लहान मूल बराच वेळ आपले आपण रमते. उलट त्याला ताटकळत ठेवले तर ते सगळ्यांचाच अभ्यास मोडते. शिवाय त्यांचा पाठ छोटा असावा. इंग्लंडमधील शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन यांचे जीवनमान १८४२ ते १९२३, म्हणजे आजच्या धावपळीशी त्यांचा काही संबंध नव्हता, तरी आठ वर्षांखालील मुलांचा कोणताही पाठ २० मिनिटांहून सहसा लांबू नये असे त्या सांगत. माझाही अनुभव तोच आहे. तुझ्या वेळापत्रकात जुळ्यांना सलग पाऊण तास वाचन आहे. त्याचे दोन तुकडे कर, मध्ये त्यांना बाहेर पिटाळ.

एका गटाला थेट शिकवत असताना दुसऱ्याने सराव आणि तिसऱ्याने स्वाध्याय करायचा, ही बहुवर्ग अध्यापनाची जुनी रीत आहे आणि ती घरातही चालते. मात्र ज्याची पाळी नाही त्याच्या हातात आदल्या रात्रीच काढून ठेवलेले, कोणालाही न विचारता करता येईल असे काम असले पाहिजे. अडले तर काय करायचे हेही आधी ठरलेले हवे: त्या उदाहरणापुढे खूण करायची, पुढचे घ्यायचे आणि आईची पाळी येईपर्यंत थांबायचे. हे वळण लागायला काही आठवडे जातात. त्या आठवड्यांत काहीच शिकवून होत नाही असे वाटून तू रडकुंडीला येशील, तरी त्यात बदल करू नकोस. आणि हे वळण मधल्याला आताच लागले पाहिजे, कारण तो अडला की उठून थोरलीकडे जातो आणि ती आपले पुस्तक उपडे ठेवून त्याला समजावत बसते. मागच्या सुट्टीत आपण सगळे एकत्र होतो, तेव्हा एका सकाळभर मी ते पाहिले. तिने एकदाही कपाळाला आठी घातली नाही. तिच्या पुस्तकाचे पान मात्र दुपारपर्यंत तेच होते.

बघ, पुन्हा फळ्यासमोर उभा राहिल्यासारखा बोलत सुटलो, आणि विषय संपवतो म्हणून तिथेच येऊन पोहोचलो. माफ कर. सहा महिने तू हा संसार आणि ही शाळा एकाच टेबलावर चालवून दाखवली आहेस, जुळ्यांपैकी मोठा जोडाक्षरे वाचू लागला आहे, मधला आपणहून नकाशे काढतो. माझ्या हाताखाली तयार झालेल्या कोणत्याही शिक्षिकेने यापेक्षा जास्त केले नसते. हे मी फोनवर आधी म्हणायला हवे होते, असे तुझी आई मला रोज ऐकवते, आणि ते खरे आहे.

तरीही मनात आहे ते पूर्ण लिहितो. शिकवताना आपणही शिकतो, म्हणून थोरलीचे नुकसान होत नाही, असे तुझे म्हणणे. ते एका मर्यादेपर्यंत खरे आहे. मधल्याला अपूर्णांकांचा भागाकार समजावताना भाजक उलटा करून का गुणायचा याचे उत्तर तिला शोधावे लागले असेल, तर तो तिचाही अभ्यास झाला. पण जुळ्यांकडून रोज तीच बाराखडी घोकून घेण्यात १४ वर्षांच्या मुलीच्या बुद्धीला काय मिळते? चिकाटी मिळत असेल, आणि ती तिच्याजवळ आधीच गरजेपेक्षा जास्त आहे.

मोठ्या मुलांनी लहानांना शिकवण्याची पद्धत काही नवी नाही. मद्रासच्या लष्करी अनाथ मुलांच्या शाळेत १७८९ पासून अँड्र्यू बेल यांनी ती चालवली आणि १७९७ मध्ये तिचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टर यांनी १७९८ पासून तशाच रीतीने शेकडो मुलांची शाळा एकट्याच्या देखरेखीखाली चालवून दाखवली. ती पद्धत भराभर पसरली ती मुख्यतः स्वस्त पडत होती म्हणून. शिकवणाऱ्या मुलांना जेवढे घोकून दिलेले असे तेवढेच ती पुढे देऊ शकत, त्यामुळे शिक्षण पाठांतराच्या पलीकडे फारसे जात नसे. त्या मुलांचे स्वतःचे शिक्षण किती पुढे गेले, हा विचार मला शिक्षक झाल्यापासून नेहमी अस्वस्थ करत आला आहे.

तू इटलीतील शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींचे उदाहरण दिलेस, म्हणून त्याकडेही पुन्हा पाहा. रोममध्ये १९०७ साली त्यांनी आपले पहिले 'बालगृह', म्हणजे लहान मुलांची शाळा, काढले आणि पुढे त्यांच्या पद्धतीत तीन ते सहा, सहा ते नऊ, नऊ ते बारा असे मिश्र वयाचे गट रूढ झाले. या रचनेत मूल पहिल्या वर्षी सर्वांत लहान असते, तिसऱ्या वर्षी सर्वांत मोठे होते, आणि पुढच्या गटात गेले की पुन्हा सर्वांत लहान. मोठेपणाची जबाबदारी त्याच्यावर येते आणि ठरावीक काळाने उतरतेही. आपल्या थोरलीवरून ती कधी उतरणार? घरात ती जन्मभर थोरलीच राहणार. आपल्याहून जास्त जाणणाऱ्या कोणाकडे मान वर करून पाहावे, आपल्याला येत नाही हे मोकळेपणाने म्हणावे, अशी जागा तिच्या आठवड्यात मला एकही दिसत नाही.

ती तक्रार करत नाही, असे तू म्हणालीस. मला भीती वाटते ती त्याचीच. माझी थोरली बहीण माई, तीही तक्रार करत नसे. मला मुळाक्षरे तिने शिकवली, माझ्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेची गणिते तिने माझ्याआधी सोडवली, आणि निकाल लागला त्या दिवशी सर्वांत जास्त आनंद तिलाच झाला होता. चक्रवाढ व्याज ती कागद न घेता सांगायची. तिच्या पेटीतली वही तू पाहिली आहेस, त्यामुळे तिच्याविषयी अधिक लिहीत नाही. तुझा हेतू आणि आमच्या आईची त्या वेळची परिस्थिती यांत काही साम्य नाही, हे मला पूर्ण कळते. परंतु घर नीट चालावे म्हणून सर्वांत समजूतदार मुलाचा वेळ थोडाथोडा घेतला जातो, तेव्हा तो घेतला जात आहे हे घरात कोणालाच दिसत नाही, त्या मुलालाही नाही.

म्हणून तीन गोष्टी मागतो. बाळ दुपारी झोपते तो तास थोरलीचा असावा. घरात खरी शांतता असते ती तेवढीच. त्या वेळी तू तिच्यासमोर बस, मागे पडलेली घरकामे तशीच राहू देत. दुसरे असे की जुळ्यांचे वाचन तू स्वतः घे आणि मधल्याची उजळणी संध्याकाळी जावईबापूंकडे सोपव. त्यांना ते आवडेल, माझे त्यांच्याशी बोलणे झाले आहे. तिला आपणहून जुळ्यांना गोष्ट वाचून दाखवावीशी वाटली तर जरूर दाखवू दे, फक्त ते वेळापत्रकात लिहू नकोस. आणि तिसरी गोष्ट माझ्यासाठी: तिचे बीजगणित माझ्याकडे दे. आठवड्यातून दोन संध्याकाळी फोनवर, वही समोर घेऊन आम्ही बसू. मी अवघड प्रश्न विचारीन, तिला चुकू देईन, आणि तेवढा वेळ ती कोणाचीही ताई नसेल. पुढेमागे तिला परीक्षा द्यायची झाली तर तिची तयारी झालेली असावी, आणि नसेल द्यायची तर ते तिने स्वतः ठरवलेले असावे.

हे वाचून तुला राग आला तर तसे स्पष्ट लिही. वर्गसमीकरणांपर्यंत ती कुठवर आली आहे हेही कळव, म्हणजे मी त्याप्रमाणे उदाहरणे काढून ठेवतो. आईची गुडघेदुखी आता पुष्कळ कमी आहे. जावईबापूंना नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुझे,
बाबा

ता. क. जुळ्यांपैकी धाकटी अजून काही आकडे उलटे काढते म्हणून तू चिंतेत होतीस. सहाव्या वर्षी ते सर्रास दिसते आणि बहुतेकांच्या बाबतीत आपोआप जाते, तेव्हा तिला त्यावरून बोलू नकोस. वाळूत बोट धरून रोज पाच मिनिटे गिरवून घे. ते मात्र तूच घे, थोरलीला सांगू नकोस.