मागावर धागाच नव्हता

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या शनिवार-रविवारी झालेल्या कला महोत्सवाचे वृत्त आपल्या सोमवारच्या अंकात पहिल्या पानावर आले असून, त्यात ‘हातमागावर सोलापुरी चादर विणण्याचे प्रात्यक्षिक पाहून रसिक थक्क झाले’ असे एक वाक्य आहे. मी दोन्ही दिवस तेथे होतो आणि थक्क मीही झालो, पण निराळ्या कारणाने. त्या मागावर धागाच नव्हता.

हे मी अलंकारिक अर्थाने लिहीत नाही. मागाची वहिफणी (उभे धागे ओवणे) केलेली नव्हती, बीमवर, म्हणजे उभे धागे गुंडाळायच्या रुळावर, सूत नव्हते, आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात कांडी नव्हती आणि रिकाम्या फणीच्या फटींतून पलीकडच्या स्टॉलवरचे कुल्फीचे चित्र स्पष्ट दिसत होते. मागावर बसवलेले विणकर माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे असावेत. कोणी मोबाइल समोर धरला की ते बिचारे पावडीवर पाय देत, दोरी ओढत, मग धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे पळे, खटाखट आवाज होई, लोक फोटो काढून पुढे जात. दोन दिवसांत त्या मागावर बोटभरही कापड झाले नाही. आपल्या वार्ताहराने माग जवळ जाऊन पाहिला असेल तर त्यांना हे दिसायला हवे होते, आणि पाहिला नसेल तर थक्क नेमके कोण झाले, हे त्यांनी कोणाला विचारून लिहिले, हे कळावे एवढीच माझी नम्र जिज्ञासा आहे.

शिवाय सोलापुरी चादर आज हातमागावर विणली जात नाही, ती यंत्रमागावर निघते. आमच्या पूर्व भागात हातमागावर वॉल हँगिंग आणि साडी करणारे थोडेफार लोक उरले आहेत. ज्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, ती कशावर निघते हे सोलापुरातून निघणाऱ्या वृत्तपत्राला माहीत नसावे, याचे वाईट वाटले.

माझा नातू नऊ वर्षांचा असून सुटीसाठी पुण्याहून आला आहे. त्याला मी मुद्दाम या महोत्सवाला नेले होते. त्याच्या पणजोबांचा माग तो जन्मण्याच्या कितीतरी आधी मोडून सरपणात गेला. मी स्वतः माग चालवला नाही, ३१ वर्षे एका कारखान्यात विणीतच नक्षी उमटवणाऱ्या जेकार्ड मागाची डिझाइने केली, म्हणजे ग्राफ पेपरवर एकेक चौकोन रंगवत बसलो. एका मोराच्या मानेचा बाक नीट येईना म्हणून अकरा दिवस तीच मान खोडत आणि रंगवत होतो, ते मला अजून आठवते. कागदावर तो बाक गोल दिसे, पण विणून आला की पायऱ्या पडत, कारण धाग्याला गोल वळता येत नाही, त्याला फक्त वर किंवा खाली राहता येते.

नातवाला कॉम्प्युटरचे वेड आहे. त्याला मागापुढे उभे करून मला हेच सांगायचे होते की, प्रत्येक आडव्या धाग्यासाठी पुठ्ठ्याचा एक पत्ता असतो, पत्त्याला जेथे भोक तेथला उभा धागा उचलला जातो, जेथे भोक नाही तेथला खालीच राहतो, आणि असे हजारो पत्ते दोरीने गुंफून मागाच्या डोक्यावर टांगले की खाली मोर उमटतो. ज्यांच्या नावावरून आपण ‘जेकार्ड’ म्हणतो त्या फ्रेंच गृहस्थांनी १८०४ मध्ये हे यंत्र केले, आणि भोक आहे किंवा नाही एवढ्यावर चालणारी ही युक्ती पुढे कॉम्प्युटरवाल्यांनी उचलली. मी हे सगळे रिक्षातच अर्धे सांगून ठेवले होते. वाटेत एका बंद पडलेल्या गिरणीची जागाही दाखवली होती. प्रत्यक्षात मागापाशी पोहोचल्यावर तो दोन मिनिटे बघत राहिला आणि म्हणाला, “ताता, हा पण बंद पडलाय का?”

मी विणकरांना तेलुगूत विचारले की, अन्ना, बीम कुठे आहे? त्यांनी आधी इकडेतिकडे पाहिले. मग म्हणाले, आयोजकांच्या माणसाने फक्त माग आणायला सांगितले होते, कारण सूत लावले तर मुले हात घालतात, धागे तुटतात आणि मग सांधत बसावे लागते. “फोटोपुरता माग पाहिजे,” असे त्याचे शब्द होते. अन्ना घरून वीतभर अर्धवट विणलेला नमुना पिशवीत घालून घेऊन आले होते, कोणी विचारले तर दाखवावा म्हणून. तो त्यांनी आम्हाला दाखवला. त्यात गणपतीचा एक कान आणि मुकुटाची कड झालेली होती, मागच्या बाजूने लोंबणारे रंगीत धागे त्यांनी रबर लावून बांधले होते. माझ्या मते दोन दिवसांच्या महोत्सवात पाहण्यासारखी तेवढी एकच गोष्ट होती, आणि ती पिशवीत होती.

त्यांची वेळ ठरवली होती दुपारी बारा ते चार. सोलापूरच्या मे महिन्यात या वेळी कुत्रेसुद्धा टेम्पोखालून बाहेर पडत नाही. मंडपावर पत्रा, खाली डांबर, पारा बेचाळीसच्या पुढे, आणि उभे पंखे सगळे व्यासपीठाकडे तोंड करून, जेथे संध्याकाळी सहापर्यंत कोणीही बसणार नव्हते. मी तेथल्या एका स्वयंसेवकाला एक पंखा इकडे वळवण्याची विनंती केली, तेव्हा त्याने अत्यंत अदबीने सांगितले की, पंखे ‘स्टेजच्या कोट्यातले’ आहेत.

सगळेच वाईट होते असे मी म्हणणार नाही. प्रवेश विनामूल्य होता, प्यायला गार पाणी होते, आणि शाळकरी मुलांनी काढलेली चित्रे खरोखर चांगली होती. शनिवारी संध्याकाळी लावणी झाली. त्याआधीची भाषणे मी घड्याळ लावून मोजली, ती एक तास वीस मिनिटे चालली. एवढ्या वेळात लावणीकार शाहीर रामजोशी याच सोलापूरचे, हे एकाही वक्त्याने वा निवेदिकेने सांगितले नाही. सत्कार मात्र सतरा झाले. प्रत्येकाला एकेक चादर पांघरली, आणि तीच चादर विणण्याच्या कलेवर बोलताना एका पाहुण्यांचा स्वर दाटून आला, त्या वेळी अन्ना मागच्या बाजूला टेम्पोची वाट पाहत बसले होते.

रविवारी संध्याकाळी पडद्यावर विणकरांविषयी माहितीपट दाखवणार होते, तो पाहून मत बदलावे असा माझा प्रामाणिक विचार होता. परंतु आपल्याच वृत्तपत्रातील ‘आज पाणी येणारे भाग’ या चौकटीत आमच्या भागाची वेळ संध्याकाळी सहा अशी छापलेली असल्याने मी माहितीपट सोडून नातवासह घरी धावलो आणि नळापाशी घागर घेऊन साडेनऊपर्यंत बसलो. पाणी आले सोमवारी पहाटे. ज्या गावात चार-चार दिवस नळाची वाट पाहावी लागते, तेथे ही चौकट अग्रलेखापेक्षा जास्त लोक वाचतात, हे आपल्या ध्यानात असावे.

माझी मागणी मोठी नाही. वृत्तातील चूक आपण दोन ओळींत दुरुस्त करावी आणि ती, शक्य असल्यास, आतल्या पानावरील लिलावाच्या नोटिसांमध्ये नव्हे तर जेथे चूक झाली तेथे छापावी. आयोजकही आपले वाचक असतील, त्यांच्यासाठी एक ओळ. ७ ऑगस्टला राष्ट्रीय हातमाग दिन येतो, त्या दिवशी पुन्हा काही करण्याचा विचार असेल तर निदान शे-दोनशे उभे धागे लावून द्यावेत, तेवढ्यावरही हातभर पट्टी विणून दाखवता येते. मुले हात घालतील आणि धागे तुटतील हे खरेच आहे. सांधायला मी येतो. तेलुगू, कन्नड, मराठी, ज्या भाषेत बोलवाल त्या भाषेत येतो. फक्त वेळ दुपारी बाराची नसावी, आणि त्या दिवशी आमच्याकडे पाणी आहे की नाही हे मला आपल्या अंकाखेरीज दुसऱ्या कुणाकडून तरी कळावे.

कळावे,
आपला जुना वाचक,
एक निवृत्त जेकार्ड डिझायनर,
पूर्व भाग, सोलापूर