अंतर भागिले वेग म्हणजे विमानाचा वेळ नव्हे

मा. संपादक,
स.न.

सुट्ट्या जवळ आल्या की प्रवास पुरवण्यांत शहरांमधले अंतर आणि विमानाचा वेळ देणारे तक्ते येतात. मुंबई-लंडन ७,२०० किलोमीटर, आठ तास, हा त्यातला नेहमीचा नमुना. अंतर बरोबर आहे, पण ते ताशी ९०० ने भागून काढलेले आठ तास प्रवाशाच्या कामाचे नाहीत.

ताशी ९०० हा विमानाचा भोवतीच्या हवेच्या तुलनेतला वेग. जमिनीवरचे अंतर किती लवकर कापले जाईल ते वारा ठरवतो. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर जेट स्ट्रीम हा वेगवान वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात अधिकच जोरात. लंडनला जाताना तो समोरून येतो, परतताना पाठीवर. सरासरी ताशी ५० किलोमीटरचाच वारा धरला, तरी जाताना ८ तास २८ मिनिटे आणि येताना ७ तास ३५ मिनिटे होतात. वेळापत्रकातला वेळ मात्र विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडच्या गेटला लागेपर्यंतचा असतो. त्यात धावपट्टीसाठीची रांग आली आणि हीथ्रोवर उतरण्याआधीच्या घिरट्याही आल्या. शिवाय ७,२०० हे पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेले किमान अंतर आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा युरोपकडे जाणाऱ्या त्यांच्या विमानांना अरबी समुद्रावरून वळसा पडला. म्हणून तक्त्यात दोन आकडे हवेत: जाताना साडेनऊ ते साडेदहा तास, येताना नऊच्या आसपास.

आणखी एक गफलत एककांची. विमान वाहतुकीत हेच अंतर ३,८९० सागरी मैल म्हणून लिहितात. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. साधे मैल समजून १.६ ने गुणले, तर साडेनऊशेहून अधिक किलोमीटर कुठच्या कुठे गायब!

तिकिटावरचे तास मोजतानाही घोळ होतो, कारण दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या असतात. दुपारी १ ला मुंबई सोडून संध्याकाळी ६ ला लंडन, हे पाच तास नव्हेत. उन्हाळ्यात साडेचार तास मिळवायचे, म्हणजे साडेनऊ. ब्रिटनमधली घड्याळे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तासभर मागे जातात आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी पुन्हा पुढे येतात. त्या मधल्या काळात साडेपाच मिळवा.

पुणेकरांसाठी तर तक्ता मुंबईपासून सुरू करून भागत नाही. पुण्याचे विमानतळ वापरते ती लोहगावची हवाई दलाची धावपट्टी जेमतेम अडीच किलोमीटरची, तीही समुद्रसपाटीपासून सुमारे ५९० मीटरवर. अशा ठिकाणी, त्यात उन्हाळ्याच्या विरळ हवेत, पूर्ण इंधन भरलेल्या मोठ्या विमानाला उडायला जागा अपुरी पडते. त्यामुळे बहुतेकांना रस्त्याने मुंबई गाठावी लागते. साधारण दीडशे किलोमीटरला चार तास धरा. बोरघाटात एखादा कंटेनर बंद पडला तर सहाही लागतात. चेक-इन काउंटर बहुधा उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो आणि मग विनवणीचा उपयोग नसतो. विमानतळावर तीन तास आधी पोहोचायचे, त्यात घाटासाठी दोन तास राखीव, म्हणजे दुपारी १ च्या विमानाला पुणे पहाटे ४ ला सोडायचे. घरून निघाल्यापासून लंडनच्या इमिग्रेशनबाहेर पडेपर्यंत वीस तास जातात. पुण्याच्या आवृत्तीत हा आकडा छापावा.

– एक वाचक, पुणे