‘कमोडियस’ म्हणजे नुसते मोठे नव्हे

संपादक महोदयांस,
स. न. वि. वि.

बडोद्यातील नव्या सदनिकांच्या मराठी जाहिरातींत ‘कमोडियस’ हे इंग्रजी विशेषण हल्ली जसेच्या तसे छापले जाते आणि त्याचा अर्थ ‘भरपूर चौरस फूट’ एवढाच घेतला जातो. त्याने शब्दाचा निम्मा अर्थ गळून पडतो.

त्याचे मूळ लॅटिनमधील ‘कोमोदुस’ या विशेषणात आहे. ‘कोम’ म्हणजे सह आणि ‘मोदुस’ म्हणजे माप. मापात बसणारे, म्हणून योग्य आणि सोयीचे. पंधराव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा ‘लाभदायक, उपयुक्त’ एवढाच त्याचा अर्थ होता. घर किंवा दालन ‘ऐसपैस आणि सोयीचे’ आहे, असे त्याने सांगण्याची रीत सोळाव्या शतकातली. ‘स्पेशियस’मध्ये केवळ जागेचा विस्तार येतो, ‘कपेशियस’मध्ये सामावून घेण्याची क्षमता, ‘कमोडियस’मध्ये मात्र ती जागा राहणाऱ्याच्या सोयीची असणे अभिप्रेत असते. ‘कमोड’ही याच कुळातला. खणांच्या बुटक्या कपाटाला फ्रेंचांनी ‘सोयीचे’ म्हणून दिलेले हे नाव पुढे इंग्रजीत भांडे बसवलेल्या खुर्चीला चिकटले. जाहिरात लिहिणाऱ्यांना हे नाते ठाऊक नसावे, हे एका परीने बरेच!

माझ्या एका आप्तांच्या ‘कमोडियस’ सदनिकेचा दिवाणखाना खरोखरच मोठा आहे. परंतु त्यात तीन दारे आणि एक आख्खी काचेची भिंत असल्याने कपाटाला टेकायला भिंतच उरलेली नाही. ते बोळकंडीत उभे आहे आणि त्याचे दार अर्धेच उघडते.

आपल्याकडे ‘प्रशस्त’ हा शब्द असताना उसनवारी कशासाठी, हेही कळत नाही. तो ‘शंस्’ म्हणजे स्तुती करणे या धातूपासून आला असून संस्कृतात त्याचा अर्थ प्रशंसिलेले, उत्तम असा आहे. वास्तुशास्त्रातील प्रशस्त भूमी म्हणजे बांधकामास योग्य मानलेली भूमी, मग ती लहान का असेना. गुणवाचक शब्द कालांतराने जागेला लागावा, हा प्रवास दोन्ही भाषांत सारखाच झाला. कारभारातील इंग्रजी संज्ञांना देशी प्रतिशब्द देणारा ‘सयाजी शासन शब्दकल्पतरू’ १९३१ साली ज्या संस्थानाने प्रसिद्ध केला, त्याच्या राजधानीत तरी आपल्या जाहिरात विभागाने ‘प्रशस्त’ असे छापावे आणि शेजारी चटईक्षेत्राचा आकडा द्यावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे