कॅप्टन बोयाई यानोश यांस, भूमितीच्या बाईंकडून

कॅप्टन बोयाई यानोश यांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या हंगेरियन रिवाजाप्रमाणे आडनाव आधी घातले आहे. आमच्या शाळेच्या हजेरीपटावरही नावे अशीच असतात, त्यामुळे हात आपोआप तसा चालला. तुम्ही १८६० च्या जानेवारीत वारलात, तेव्हा हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचे नाही. ते सर्वांसमक्ष लिहिते आहे, कारण ज्या मुलांमुळे मला तुमच्यासारख्या गणितज्ञाच्या दारात यावे लागले ती आणि त्यांचे आईवडील तरी ते वाचतील.

मी एका तालुक्याच्या गावात नववीला भूमिती शिकवते आणि घरी व्हायोलिनचा रियाज करते. कार्यक्रम करावा इतका हात तयार नाही. तुमचा होता. लहान वयातच तुम्ही अवघड रचना वाजवत होतात, तेराव्या वर्षापर्यंत कॅल्क्युलस आत्मसात केले होतेत, आणि पुढे व्हिएन्नाच्या लष्करी अभियांत्रिकी अकादमीत शिकून फौजेत गेलात, तेव्हा तलवारबाज म्हणूनही तुमचे नाव झाले. तेरा अधिकाऱ्यांनी एकदम आव्हान दिले, तुम्ही अट घातलीत की दर दोन लढतींनंतर थोडे व्हायोलिन वाजवू द्यावे, आणि तेराही जणांना हरवलेत, असे सांगतात. मला ही गोष्ट पटत नाही. वर्गात मात्र मी ती सांगते. मागच्या बाकांवर तुमचा परिचय करून द्यायला याहून चांगली युक्ती मला सापडलेली नाही.

आता कामाचे. नववीला समांतर रेषांचे प्रकरण असते. छेदिका, संगत कोन, व्युत्क्रम कोन, सगळे सुरळीत चाललेले असते आणि मग एक वाक्य येते: रेषेबाहेरच्या बिंदूतून त्या रेषेला एक आणि एकच समांतर रेषा काढता येते. एका मुलाने हात वर केला. "बाई, हे कुणी बघितलंय? रेषा तर संपतच नाही." वर्ग हसला. मला हसू आले नाही, कारण मुलाचे बरोबर होते. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंश हे आपण कशावरून सिद्ध करतो? शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढून. ती समांतर रेषा एकुलती एक नसेल, तर सिद्धता तिथेच कोसळते. कागदी त्रिकोणाचे कोपरे फाडून शेजारी शेजारी चिकटवले की सरळ कोन दिसतो खरा, पण फाडलेला कागद म्हणजे सिद्धता नव्हे, हेही त्याच मुलांना आम्हीच शिकवलेले असते.

"पाठ करा, परीक्षेला येतं" हे उत्तर आमच्याकडे नेहमी तयार असते. ते मला द्यावे लागले नाही, याबद्दल पहिले आभार.

ज्यांना हा इतिहास ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. युक्लिडचे हे गृहीतक त्याच्या मूळ शब्दांत बाकीच्यांपेक्षा लांबलचक आणि अवघडलेले आहे. दोन हजार वर्षे माणसे ते उरलेल्या गृहीतकांवरून सिद्ध करू पाहत होती. तुमचे वडील फार्काश त्यांपैकीच एक. जर्मनीत ग्यॉटिंगेनला शिकताना ते गाउसचे, पुढे त्या काळचा सर्वांत मोठा गणितज्ञ ठरलेल्या माणसाचे, मित्र होते, पुढे मारोशवाशारहेयच्या कॉलेजात प्राध्यापक झाले, आणि या एका प्रश्नाने त्यांना आयुष्यभर छळले. तुम्हीही त्याच वाटेने निघालात हे कळताच १८२० साली त्यांनी तुम्हाला कळवळून लिहिले की समांतर रेषांच्या नादी लागू नकोस, ही काळोखी वाट मी शेवटापर्यंत चालून आलो आहे, माझ्या आयुष्यातला सगळा उजेड आणि आनंद तिथे विझला. पोराने दारू सोडावी म्हणून बाप लिहील तसे हे पत्र आहे. तुम्ही ऐकले नाहीत. ३ नोव्हेंबर १८२३ ला तेमेशवारच्या छावणीतून तुम्ही त्यांना कळवलेत की शून्यातून मी एक नवे, वेगळेच जग निर्माण केले आहे. एकविसावे वर्षही अजून पूर्ण व्हायचे होते.

इतरांनी गृहीतक नाकारले ते विसंगती सापडावी म्हणून. विसंगती सापडली की ते सिद्ध झाले, असा हिशेब. तुम्ही नाकारलेत आणि नाकारूनच पुढे गेलात. एका बिंदूतून अनेक रेषा जाऊ द्या, त्या मूळ रेषेला न भेटू द्या, बघू काय होते. आणि काहीच बिघडले नाही. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० पेक्षा कमी भरते, आणि त्रिकोण जितका मोठा तितकी तूट जास्त, क्षेत्रफळाच्या प्रमाणात. तुमच्या जगात आकार तोच ठेवून माप लहान करता येत नाही, म्हणजे हुबेहूब प्रमाणातला नकाशाच काढता येत नाही. वर्तुळाइतक्या क्षेत्रफळाची चौकोनी आकृती कंपास-पट्टीने काढणे आमच्या भूमितीत अशक्य. तुमच्याकडे काही वर्तुळांच्या बाबतीत ते जमते. आणि युक्लिडचे ते गृहीतक खरे की खोटे हे नुसत्या तर्काने कधीच ठरवता येणार नाही, हे तुम्ही निबंधाच्या शीर्षकातच लिहून टाकलेत.

मी त्या मुलाला सांगितले, "कुणीच बघितलेलं नाही. हे आपण धरून चाललोय." वर्गात चुळबुळ झाली. बाई काहीतरी कबूल करत आहेत असे मुलांना वाटले. मग न धरून चालले तर काय, हा प्रश्न ओघाने आलाच, आणि फळा सपाट असल्यामुळे तो फळ्यावर दाखवता येईना.

इथे कामाला आले क्रोशाचे विणकाम. दायना ताइमिना या लाटव्हियन गणितज्ञ बाईंनी कॉर्नेल विद्यापीठात १९९७ साली तुमच्या भूमितीचा वक्र पृष्ठभाग लोकरीने विणून दाखवला होता. कृती आमच्या गावातली कुठलीही आजी ओळखेल. साखळी घालायची, तिच्यावर खांब विणायचे, आणि दर पाच खांबांनंतर एकाच घरात दोन खांब घालायचे, प्रत्येक ओळीला न चुकता. पहिल्या ओळी शहाण्यासारख्या सपाट राहतात. मग कडा वळू लागते, मग चुण्या पडतात, आणि शेवटी हातात झालरीचा असा गुंता येतो की तो टेबलावर सपाट बसवायचा म्हटला तर बसत नाही. वर्गातल्या एका मुलीच्या आजीने असे विणून दिले, वर "हे बिघडलंय, उसवून नीट करून देऊ का?" असा निरोपही धाडला. आम्ही उसवू दिले नाही. विणलेल्या कापडाची घडी घातली की घडीची कड ही त्या पृष्ठावरची सरळ रेषा. मुलांनी लाल दोऱ्याने एक रेषा शिवली, तिच्याबाहेर एक बिंदू घेतला, आणि त्या बिंदूतून निळी, हिरवी, पिवळी अशा रेषा शिवल्या. एकही लाल रेषेला भेटली नाही. मग त्रिकोण शिवून कोन मोजले. लोकरीवर कोनमापक धड बसत नाही, पण बेरीज १८० च्या इतकी खाली आली की चूक मोजणाऱ्याची म्हणायला जागा उरली नाही. प्रश्न विचारणारा मुलगा पुष्कळ वेळ ते कापड उलटसुलट करून पाहत होता आणि शेवटी म्हणाला, "म्हणजे पुस्तकातलं चूक नाही, पण एकटं पण नाही." मी असे कधी सांगू शकले नसते.

दुसरे आभार व्हायोलिनच्या बाजूने.

तुमचे वाद्य आमच्याकडे पोचले आणि इथलेच होऊन गेले. आम्ही ते मांडी घालून, खाली बसून वाजवतो. व्हायोलिनचे डोके पायाच्या घोट्याशी टेकवतो. व्हिएन्नाच्या लोकांना हे पाहून झीट येईल. गजाननराव जोशी, व्ही. जी. जोग, श्रीधर पार्सेकर, डी. के. दातार यांनी त्यातून गाणे काढले. तुमच्या चार तारा जी, डी, ए, ई अशा लागतात, तारेपासून तारेपर्यंत अंतर एकच, पंचमाचे, तीनास दोन. आम्ही सा आणि प आळीपाळीने लावतो, म्हणजे सा ते प पंचम, पण प ते वरचा सा चारास तीन. पण दोन्हीकडे पट्टीवर पडदे नाहीत, खूण नाही.

तुमची भूमिती वाचल्यावर मला या बिनखुणेच्या पट्टीचा अर्थ वेगळा लागला. पेटीवर गांधार कुठे आहे हे कारागिराने आधीच ठरवून टाकलेले असते: षड्जापासून ४०० सेंट (सप्तकाचे १२०० सारखे भाग केले तर एक भाग म्हणजे सेंट). तंबोरा नीट जुळला की त्यातून जो गांधार ऐकू येतो तो ३८६ च्या आसपास, म्हणजे पेटीपेक्षा उतरलेला. पंचमावर पंचम चढवत गेलात तर चौथ्या पंचमाला जो गांधार मिळतो तो ४०८ वर, पेटीपेक्षाही चढा. तिन्ही हिशेबाने बरोबर आहेत आणि तिन्ही जुळत नाहीत. तीनचे घात आणि दोनचे घात कधीच एक होत नाहीत, त्यामुळे बारा पंचम चढून पाहिले तरी सात सप्तकांची गाठ पडत नाही, थोडे पुढेच निघून जाते. पेटी ही तडजोड कायमची करून मोकळी होते. व्हायोलिनवर ती दर वेळी बोटाला करावी लागते. लहानपणी चार तारांवर बोट ठेवून सूर शोधलेल्या माणसाला "हे असेच असते" या वाक्याचा धाक वाटला नसेल, असे मला वाटते. पुरावा काही नाही, रियाज करणाऱ्या बाईचा कयास आहे.

इथेच एक खुलासा करते. "व्हायोलिन लावलं तर गणितात मार्क वाढतात ना?" असे पालक विचारतात आणि पुढे आइनस्टाइनचे नाव घेतात. मी तुमचे घेते. तुमच्या व्हायोलिनने तुम्हाला गणितात काय मिळवून दिले? वडिलांनी १८१६ साली गाउसला विचारले होते की मुलाला तुझ्याकडे ठेवून घे. त्याचे उत्तरच आले नाही. तुमचा सगळा शोध वडिलांच्या 'तेन्तामेन' या लॅटिन ग्रंथाला जोडलेले पंचविसेक पानांचे परिशिष्ट म्हणून १८३२ मध्ये निघाला. त्यावर ६ मार्च १८३२ ला गाउसने वडिलांना लिहिले की याची स्तुती करणे म्हणजे माझीच स्तुती करणे, कारण हे माझ्या मनात कित्येक वर्षांपासून आहे. तीनच आठवडे आधी गेर्लिंग या आपल्या मित्राला लिहिलेल्या पत्रात मात्र हाच माणूस तुम्हाला पहिल्या प्रतीचा प्रतिभावंत म्हणतो. ते वाक्य तुमच्याकडे पाठवायला काय झाले होते? गाउस थोर होता, मान्य. पण हे मला अजून गिळवत नाही. पुढे १८४८ ला तुमच्या हाती लोबाचेव्हस्की या रशियन गणितज्ञाचे पुस्तक आले आणि कळले की कझानमध्ये तो तुमच्याही आधी, १८२९ मध्येच, हेच छापून मोकळा झाला होता. त्यानंतर तुम्ही हजारो पाने लिहिलीत, पण त्या परिशिष्टानंतर गणितातले काही छापले नाहीत. बेल्ट्रामी या इटालियन गणितज्ञाने १८६८ मध्ये तुमची भूमिती युक्लिडच्या भूमितीइतकीच सुसंगत आहे हे दाखवले, तेव्हा तुम्हाला जाऊन आठ वर्षे झाली होती. म्हणून पालकांना सांगते, व्हायोलिन वाजवावेसे वाटत असेल तर लावा. मार्कांचे मी बघते.

तुमचे खरे चित्र कुठेच नाही, इंटरनेटवर तुमच्या नावाने फिरते ते तुमचे नव्हे, म्हणून आमच्या वर्गाच्या भिंतीवर तुमच्या जागी ते विणलेले कापड टांगले आहे. खाली मुलांनीच तुमचे नाव लिहिले आहे, आडनाव आधी. आजींना ते अजूनही उसवायचे आहे.

मुलांचा पुढचा प्रश्न असा आहे की आपण राहतो ते अवकाश युक्लिडचे की तुमचे. आजची मोजमापे सांगतात की मोठ्या प्रमाणावर ते सपाट दिसते, मोजण्याच्या चुकीच्या मर्यादेत. "मर्यादेत म्हणजे ठरलं का?" असे तोच मुलगा विचारतो. मी त्याला तुमचे शीर्षक दाखवले आहे. तुमच्याकडून आणखी काही सांगण्यासारखे असेल तर जरूर कळवावे. फक्त उत्तर गाउसच्या तऱ्हेचे नको.

आपली कृतज्ञ,
भूमितीच्या बाई