वारशातले रुपये नगावर वाटू नका, मोडीत घालू नका

महोदय,

‘हे नाणं तुमच्याकडे असेल तर तुम्ही लखपती’ अशा मथळ्यांच्या बातम्या हल्ली जवळजवळ रोज वाचायला मिळतात. त्या वाचून घरोघरी जुने डबे उघडले जातात आणि मग दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर साध्या रुपयाला लाखाची आशा लागते, नाहीतर निराश होऊन सगळं डबोलं जुनी चांदी म्हणून दुकानात जातं. दोन्हींत नुकसान घरच्यांचंच आहे, म्हणून हे पत्र.

मी गिरगावात राहते. शाळेत विज्ञान शिकवायचे, आता निवृत्त आहे. माझी आत्या गेली तेव्हा तिच्या पितळी डब्यात चांदीचे म्हणून जपलेले एकवीस रुपये निघाले. आम्ही भावंडं तिघं. थोरला दादा म्हणाला, सात-सात घेऊ, भांडणाला जागाच नको. त्याचा हेतू चांगला होता, पण ती वाटणी सरळ अन्यायाची झाली असती. त्या एकवीसात राणीछाप सहा, एडवर्डचे दोन, पंचम जॉर्जचे सात, सहाव्या जॉर्जचे पाच आणि एक १९४७ सालचा, पाठीवर वाघ असलेला. आकार सगळ्यांचा जवळपास सारखा, पण आतला माल वेगळा.

१८३५ साली कंपनी सरकारने सगळीकडे एकसारखा रुपया सुरू केला. वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. हाच खरा एक तोळा. आज दुकानात दहा ग्रॅमला तोळा म्हणतात तो नव्हे. त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी, म्हणजे एका नाण्यात साधारण १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी. हे प्रमाण १९३९ पर्यंत टिकलं. १९४० मध्ये, महायुद्धाच्या काळात, सरकारने वजन तेच ठेवलं आणि चांदी निम्म्यावर आणली. १९४० ते १९४५ च्या रुपयात त्यामुळे जेमतेम ५.८ ग्रॅम चांदी आहे. आणि १९४७ चा वाघाचा रुपया निव्वळ निकेलचा आहे, त्याला लोहचुंबक लावलं की टपकन चिकटतो. अनेक घरांत तो आजही चांदीचा म्हणून लक्ष्मीपूजनाच्या ताटात असतो. पूजेत जरूर ठेवावा, पण वाटणीत चांदी म्हणून धरू नये.

आम्ही ही नाणी काळबादेवीतल्या एका दुकानात दाखवली. तिथल्या माणसाने साल वाचलंच नाही. सगळी एकत्र तराजूत घातली, वर घट सांगितली आणि दोन नाण्यांना छेद देऊन बघतो म्हणाला. मी नाणी उचलून परत आणली. छेद दिलेलं किंवा कसोटीवर घासलेलं नाणं संग्राहकाच्या दृष्टीने तिथेच पडतं.

खरं-खोटं पाहायला इजा करायची गरजच नाही. शंभरांश ग्रॅम दाखवणारा छोटा तराजू आता सहज मिळतो. आधी नाणं नुसतं तोलावं. वापराने झिजलेलं असेल तर वजन थोडं कमी भरेल. मग तराजूवर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणावा आणि नाणं दोऱ्याने बांधून तळाला न टेकता पूर्ण बुडेल असं धरावं. पूर्ण वजनाचा, १९३९ पर्यंतचा अस्सल रुपया असेल तर आकडा १.१३ च्या आसपास येतो. तेवढ्याच वजनाचं जर्मन सिल्व्हर, म्हणजे चांदीसारखं दिसणारं पण चांदी नसलेलं तांबं-निकेल-जस्ताचं मिश्रण, असेल तर १.३५ च्या जवळ जातो, कारण ते हलकं, म्हणून जागा जास्त व्यापतं. आठवीच्या मुलांना मी आर्किमिडीज असाच शिकवायचे. याशिवाय भिंगातून कड पाहावी. ओतीव नकलेचे कंगोरे बोथट असतात, कधी कडेला सांध्याची रेघ दिसते, पृष्ठभागावर बारीक भोकं असतात. ठसा मारून पाडलेल्या नाण्यात ती नसतात.

डब्यात फारसी अक्षरांचं, वेडंवाकडं, जाड नाणं निघालं, उदाहरणार्थ पेशवाईतला अंकुशी रुपया, तर मात्र वरचं गणित लावू नये. त्याच्यावरचे छोटे टोचे म्हणजे जुन्या सराफांच्या पारखीच्या खुणा असतात. असं नाणं जाणकारालाच दाखवावं.

चांदीपेक्षा जास्त किंमत येते ती सालामुळे आणि स्थितीमुळे. १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली, पुढच्या वर्षी छाप बदलली आणि आधीची बरीच नाणी वितळवली गेली. १९३९ चा रुपया फारच दुर्मीळ आहे, म्हणूनच त्याच्या नकलाही असतात. त्या सालाचा अंक भिंगाखाली नीट पाहिल्याशिवाय आनंद करू नये. उलट १८६२ चा राणीछाप पाहून हुरळून जाण्याचं कारण नाही, कारण पुढे बरीच वर्षं त्याच सालाचा ठसा चालू होता. पंचम जॉर्जच्या रुपयावर मागे, खालच्या कमळाखाली बारीक टिंब असेल तर तो आपल्या मुंबईच्या टांकसाळीतला. आत्याच्या सातांपैकी चार तसे निघाले आणि मला कोण आनंद झाला!

गृहिणींना माझी हात जोडून विनंती आहे. दिवाळीत ही नाणी चिंच, राख किंवा पावडर लावून घासू नका. वरचा काळसर थर चांदीचं संरक्षण करतो. घासलं की नक्षीची धार जाते आणि भावही. माळेसाठी कडी डाखलेल्या नाण्याचंही तसंच. आणि मुला-नातवंडांना परदेशी पाठवायची असतील तर लक्षात ठेवा, शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते देशाबाहेर नेता येत नाही.

आता मागणी. फोर्टमध्ये टांकसाळ आहे, फिरोजशहा मेहता मार्गावर रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मोठा नाणेसंग्रह आहे. एवढं सगळं एका मैलाच्या परिसरात असताना सामान्य माणसाला हातातलं नाणं घेऊन दुकानदाराकडेच का जावं लागावं? यांपैकी कुणीतरी महिन्यातून एक सकाळ पारखीसाठी ठेवावी. भाव सांगू नये; नाणं कोणतं, अस्सल की नक्कल, एवढंच सांगावं.

आपल्याकडेही एक मागणं आहे. जुनी नाणी विकत घेतो म्हणून आधी शुल्क किंवा कर मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं होतं. लखपतीच्या प्रत्येक बातमीखाली ते निवेदन छापा, आणि दिवाळीआधीच्या रविवार पुरवणीत कोणत्या सालच्या रुपयात किती चांदी, याची एक छोटी चौकट द्या. मजकूर मी लिहून देईन.

— एक निवृत्त शिक्षिका, गिरगाव, मुंबई