फायरबॉल पडला, पण दाराचं काय झालं?

संपादक महोदय,

टेबलावर खेळायच्या फँटसी रोलप्लेइंग गेम्सवर आपल्या रविवार पुरवणीत लेख आला. मंत्र शत्रूला लागतात, आजूबाजूच्या वस्तू म्हणजे नुसतं नेपथ्य, असा लेखाचा सूर होता. मी नोकरीभर आगीच्या विमा दाव्यांची पाहणी केली आणि आता भाचरांच्या टेबलावर डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, असतो. म्हणून नेपथ्याच्या बाजूने चार ओळी.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या 2014 च्या पाचव्या आवृत्तीत ‘फायर बोल्ट’ हा आगीचा मंत्र जीवावरही सोडता येतो आणि वस्तूवरही. ‘एल्ड्रिच ब्लास्ट’ हा वॉरलॉक नावाच्या जादूगाराचा मंत्र मात्र फक्त जीवावर. म्हणजे राक्षसाला लोळवणाऱ्या वॉरलॉकला झुंबराची दोरी तोडता येत नाही. दोरीचे हिट पॉइंट्स, म्हणजे तुटेपर्यंत सोसायचा मार, किती, तर 2! चलाख खेळाडूंनी यातूनही फायदा काढला. समोरच्या पेटीवर ब्लास्ट सोडून बघायचा. सुटला तर ती पेटी नव्हे, पेटीचं सोंग घेतलेला मिमिक. कलमावर बोट ठेवणारे दावेदार मी पुष्कळ पाहिले, पण हे त्यांनाही सुचलं नसतं. 2024 च्या नियमांत ब्लास्ट वस्तूलाही लागतो, हे बरं झालं.

मला हिशेब आवडतो तो 2003 च्या 3.5 आवृत्तीचा. तिथे ॲसिड आणि ध्वनी यांचा मार वस्तूला पूर्ण बसतो, आग आणि वीज यांचा निम्मा, थंडीचा पाव. त्यातून वस्तूचा कणखरपणा वजा करायचा. साध्या लाकडी दाराचा कणखरपणा 5, हिट पॉइंट्स 10. समजा फाशांवर 18 पडले. आगीचे झाले 9, वजा 5, उरले 4: दार तगलं. थंडीचे पावपट साडेचार, म्हणजे ओरखडाही नाही. ॲसिडचे 13, दार गेलं. खेळाडू कुरकुरतात की लाकूड आणि आगीला दाद देत नाही? अहो, क्षणभराच्या भडक्याने जाड लाकडाचा वरचा थर कोळसतो, आतला गाभा शाबूत राहतो. जळालेल्या वाशांना खरवडून मी हेच बघत असे.

त्याआधी, डन्जन मास्टरसाठीच्या 1979 च्या मार्गदर्शिकेत, प्रत्येक वस्तूच्या बचावासाठी वेगळा फासा टाकावा लागे आणि फायरबॉल या आगीच्या गोळ्याच्या मंत्राने सोनं-चांदीही वितळे. खेळ रेंगाळायचा, हे मान्य. अंगावरच्या आणि हातातल्या वस्तू पेटत नाहीत, ही आजची सवलत त्यासाठीच ठीक आहे. पण मोकळ्या पडलेल्या वस्तूंना सूट कशाला? माझ्या भाचीने ग्रंथालयात लपलेल्या चोरांवर फायरबॉल टाकला आणि मग ज्या नकाशासाठी आम्ही तिथवर गेलो होतो, त्याची चौकशी केली. नियमाप्रमाणे पेट घेणारं, कुणी न धरलेलं सगळं पेटतं. नकाशा मेजावर होता. सगळे तिच्याकडे बघत राहिले. पुढचा सगळा खेळ तो नकाशा पूर्वी कुणी वाचला होता, त्याच्या शोधात गेला आणि फार रंगला.

नव्या डन्जन मास्टरांना ‘शॅटर’ या मंत्राने सुरुवात करायला सोपं जाईल. त्याचा मार आठ बाजूंचे तीन फासे, सरासरी साडेतेरा. पाचव्या आवृत्तीच्या तक्त्यात छोट्या पण मजबूत पेटीचे हिट पॉइंट्स 10, तेव्हा पेटी बहुधा फुटतेच. आत औषधाच्या बाटल्या असतील तर? आमच्या टेबलावर त्याही फुटतात.

– एक निवृत्त विमा सर्वेक्षक