आकडे पडले म्हणून?

प्रिय संज्या,

तुझा मेसेज वाचला आणि रात्री बराच वेळ झोप लागली नाही. तुझ्या मालिकेतला धाकटा भाऊ आपण समलैंगिक असल्याचं घरी सांगतो, त्यानंतर दोन आठवडे टीआरपी घसरला, तेव्हा तो ट्रॅक गुंडाळा, त्याला नोकरीसाठी बेंगळुरूला पाठवा, असं चॅनेलनं सांगितलं म्हणतोस. मालिकेत नकोसं झालेलं पात्र परगावी जातं ते परत येत नाही, हे आपल्याकडच्या कुठल्याही प्रेक्षकाला ठाऊक असतं. बुधवारच्या मीटिंगमध्ये तू मान डोलावून येऊ नयेस एवढ्यासाठी हे लांबलचक पत्र.

अमेरिकेत एबीसी या चॅनेलवर 'एलन' नावाची विनोदी मालिका होती. एलन डीजनरस तिची नायिका. ३० एप्रिल १९९७ ला तासाभराच्या खास भागात त्या नायिकेनं आपण समलैंगिक असल्याचं सांगितलं. खुद्द एलननं त्याच महिन्यात 'टाइम'च्या मुखपृष्ठावरून स्वतःबद्दल तेच जाहीर केलं होतं. तो भाग सुमारे ४ कोटी २० लाख लोकांनी पाहिला. लोकांना हे बघायचंच नसतं म्हणणाऱ्यांनी एवढा एक आकडा तरी डोळ्यांखालून घालावा.

पण त्या रात्रीच्या आसपास काय काय चाललं होतं तेही ऐक. क्रायस्लर, जेसी पेनी यांच्यासारख्या जाहिरातदारांनी अंग काढून घेतलं. नोकरीच्या ठिकाणी समलैंगिकांवर होणाऱ्या अन्यायाबद्दल ह्युमन राइट्स कॅम्पेन या संस्थेनं केलेली जाहिरात एबीसीनंच नाकारली. अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या स्थानिक केंद्रानं भाग दाखवायला नकार दिला, तेव्हा तिथल्या लोकांनी मोठं सभागृह घेतलं, उपग्रहावरून प्रक्षेपण मिळवलं आणि एकत्र बसून तो पाहिला. संज्या, मला या सगळ्या गोष्टीतला हाच भाग सर्वांत जवळचा वाटतो. घरी एकट्यानं, आवाज बारीक करून बघायची सवय असलेली कितीतरी माणसं त्या गर्दीत असतील. त्यांची मोजदाद टीआरपी मोजणाऱ्या कुठल्या मीटरवर होणार होती?

पुढच्या हंगामात चॅनेलनं काही भागांच्या सुरुवातीला पालकांसाठी इशारा लावायला सुरुवात केली. बाकीच्या मालिकांत नायक-नायिका चुंबन घेत होते, एकत्र झोपत होते, तिथे असली पाटी नव्हती. एलननं जाहीरपणे विरोध केला, तरी पाटी राहिली. प्रेक्षक कमी होत गेले आणि १९९८ मध्ये मालिका बंद झाली. एबीसीचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांचं म्हणणं असं पडलं की प्रेक्षक गेले ते समलैंगिकतेमुळे नव्हे, तोचतोपणामुळे. दर आठवड्याला तोच विषय लोकांना जास्त झाला. मालिका शेवटी शेवटी थोडी प्रचारकी झाली होती, हे मीही मान्य करतो. पण दारावर 'सांभाळून आत या' अशी पाटी लावायची आणि मग लोक का येत नाहीत म्हणून विचारायचं, हे मला पटत नाही.

तूच लिहिलं आहेस, की धाकट्या भावाच्या त्या भागानंतर तुमच्या चॅनेलनं याच ट्रॅकचे प्रोमो बंद केले आणि मोठ्या सुनेच्या भांडणाचे चालवले. मग घसरण नेमकी कशाची? काही हजार घरांतल्या मीटरवरून अख्ख्या राज्याचा अंदाज बांधतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही, नमुना असाच असतो. पण तो आकडा किती लोकांनी पाहिलं एवढंच सांगतो. का पाहिलं नाही, याचं उत्तर मीटिंगमधली माणसं आपल्या भीतीतून भरतात.

'एलन' बंद झाली त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एनबीसी या दुसऱ्या चॅनेलनं 'विल अँड ग्रेस' सुरू केली. नायक विल समलैंगिक, तेही पहिल्या भागापासून. चॅनेल पाठीशी उभं राहिलं, तिला पुढे गुरुवार रात्रीची भक्कम वेळ दिली, आणि ती २००६ पर्यंत आठ हंगाम चालली. देश तोच, प्रेक्षक तेच. त्या मालिकेत विलच्या प्रेमाला फारच कमी जागा मिळाली, ती उणीव मला खटकते. तरी २०१२ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष बायडन यांनी समलिंगी विवाहाला पाठिंबा देताना लोकांचं मत घडवण्याचं श्रेय याच मालिकेला दिलं. गॅलप या संस्थेच्या पाहणीत १९९६ मध्ये अशा विवाहांना २७ टक्के लोकांचा पाठिंबा होता, २०१५ मध्ये ६० टक्के. हे एकट्या टीव्हीनं केलं असं मी म्हणणार नाही. लाखो माणसांनी आपापल्या घरात तोंड उघडलं, त्याचं हे फळ आहे. पण तोंड उघडायला निमित्त लागतं.

आईचं सांगतो. माझ्याबद्दल कळून तिला किती वर्षं झाली ते तुला माहीत आहे. तिनं मला कधी तोडलं नाही, पण विषय निघाला की उठून स्वयंपाकघरात जायची. गेल्या आठवड्यात सांगलीहून तिचा फोन आला. म्हणाली, "अरे, परवा लाइट गेली, माझा भाग चुकला. त्या पोराशी वडील बोलायला लागले का?" आणि लगेच पुढे, "तुझे बाबा असते तर बोलले असते का रे?" आम्ही बराच वेळ बोललो. ती तुझी मालिका रोज साडेआठला लावते. तिच्या घरी मीटर नाही.

आता कामाचं. बुधवारी जाताना त्या दोन आठवड्यांचे मिनिटामिनिटाचे आकडे मागून घे. त्या पोराच्या प्रसंगांवर लोक खरंच चॅनेल बदलतात की ब्रेकमध्ये, ते आधी कळू दे. शिवाय सहा आठवडे मुदत आणि आठवड्याला या ट्रॅकचा निदान एक प्रोमो माग. वडिलांचा प्रसंग पुढे ढकलू नकोस, तोच आधी लिही, लोक त्याचीच वाट बघताहेत. आणि बेंगळुरूला पाठवायचाच हट्ट धरला त्यांनी, तर त्याच्याबरोबर त्याचा जोडीदार जाईल आणि निरोप द्यायला आई स्टेशनवर येईल, एवढं तरी पदरात पाडून घे.

मीटिंग झाली की फोन कर, कितीही वाजले तरी.

तुझाच,
मिल्या